पोर्चसाठी घरच्या घरी सीझनची सजावट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दारासमोरचा पोर्च मी दर सीझनला घरच्याच वस्तूंनी सजवते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच ते प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकलं. यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे, त्यामुळे कुठे कुठे जरा जास्तच बोललेय, तेवढं चालवून घ्या.

सुरुवात कुठून करू? काहीच सुचत नाहीये.

कागद-कात्री हातात घेण्याआधी एक दिवस नुसतं पोर्चमध्ये जाऊन बघा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. ऊन कुठपर्यंत आत येतं, पाऊस तिरका आला की कुठली फरशी भिजते, वारा कुठून घुसतो. हे कळलं की अर्धं काम झालं, कारण घरातली सजावट आणि पोर्चची सजावट दिसायला सारखी असली तरी पोर्चमधली उन्हातान्हात, वाऱ्यापावसात दिवसरात्र उभी असते. माझा पहिल्या वर्षीचा सगळा पसारा दिसायला मस्त होता आणि पंधरा दिवसांत भंगार झाला, कारण मी डिझाइन आधी ठरवलं आणि जागा नंतर बघितली.

दर सीझनला सगळं नवीन करायचं म्हणजे खर्च आणि वेळ किती जाणार?

सगळं नवीन करूच नका ना. सांगाडा एकच ठेवायचा आणि कपडे बदलायचे. म्हणजे दारावर टांगायची पानाफुलांची एक गोल रिंग, दोन हुकांमध्ये ताणलेली एक वायर, कोपऱ्यात एखादी जड कुंडी किंवा जुनी बादली, एवढं वर्षभर जागच्या जागी. वसंतात रिंगला कोवळी पानं आणि कागदी फुलं, उन्हाळ्यात सुकलेलं गवत, पावसाळ्यात कापडी पताका, पानगळीत पानं आणि बिया, हिवाळ्यात फांद्या आणि लाइट. एका सीझनचं काढून दुसऱ्याचं लावायला एक दुपार पुरते. पैसे घालायचेच तर चांगली वायर, चांगले हुक आणि चांगले लाइट यांच्यावर घाला, बाकीचं घरात नाहीतर झाडाखाली पडलेलं असतंच.

रिंग घरी कशी करायची? विकतच्या फोमच्या रिंगा तुटतात.

लोखंडी तारेचा कपड्यांचा हँगर घ्या. वरचा हुक तसाच राहू द्या, खालचा त्रिकोण हाताने ओढून ओढून गोल करा, अगदी परफेक्ट गोल नाही झाला तरी पानांखाली काही दिसत नाही. साधारण २५ ते २८ सेंटीमीटर व्यासाची रिंग होते. ही छोटी वाटेल, पण बाहेरच्या बाजूला पानं दोन्हीकडे आठ-दहा सेंटीमीटर येतात, म्हणजे एकूण ४५च्या आसपास. दाराच्या रुंदीच्या निम्मी ते दोन तृतीयांश रिंग डोळ्यांना बरी दिसते, म्हणजे ९० सेंटीमीटरच्या दारावर ४५ ते ६० सेंटीमीटर. त्याहून छोटी लावली की दाराला बटण लावल्यासारखं दिसतं.

मग पानांच्या छोट्या छोट्या जुड्या करायच्या, चार-पाच काड्यांची एक. पहिली जुडी तारेवर ठेवून बारीक बाइंडिंग वायरने तीन वेढे घट्ट द्यायचे, वायर तोडायची नाही, दुसरी जुडी अशी ठेवायची की तिचे शेंडे पहिलीच्या देठांवर येतील, पुन्हा तीन वेढे. असं एकाच दिशेने गोल फिरत जायचं. शेवटची जुडी पहिल्या जुडीचे शेंडे उचलून त्यांच्याखाली सरकवायची, हे जरा किचकट आहे, बोटं टोचतात, पण तिथेच रिंग कुठे सुरू झाली ते लपतं. ताजी पानं वापरलीत तर वेढे जरा जास्तच आवळा कारण पानं सुकली की देठ बारीक होतात आणि आठवड्याभरात सगळं सैल पडून गळायला लागतं.

ग्लू गनने चिकटवलेलं सारखं पडतं. गोंद खराब आहे का?

गोंद खराब नाही, जागा चुकीची आहे. ग्लू गनचा गोंद म्हणजे वितळवलेलं प्लास्टिक, ते गरम झालं की परत मऊ होणार. गडद रंगाचं दार भर दुपारच्या उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज जाऊ शकतं आणि तेवढ्यात गोंद ढिला पडतो. माझ्या एका रिंगेवरची झाडून सगळी पाइन कोन (पाइनच्या झाडाचे लाकडासारखे सुके, खवल्याखवल्यांचे शंकू) एका दुपारी टपाटप खाली पडली होती, मला आधी वाटलं कोणीतरी बेल वाजवायच्या ऐवजी दार ठोठावतंय. उलट कडाक्याच्या थंडीत हाच गोंद कडक होतो आणि गुळगुळीत वस्तूवरून टक् करून सुटतो.

म्हणून माझा नियम असा की जे वजनदार आहे ते तारेने बांधायचं, चिकटवायचं नाही. गोंद फक्त हलक्या गोष्टींना, तोही मधे मदतीला. काच, दगड, धातू चिकटवायचाच असेल तर दोन ट्यूब मिसळून करायचा इपॉक्सी घ्या आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. पांढरा गोंद कागदाला उत्तम, पण साधा पांढरा गोंद भिजला की परत दूध होतो, तेव्हा डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय का ते बघूनच बाहेर वापरा.

पाइन कोन आणली, त्यातून किडे निघाले. काय करू?

ती ओव्हनमध्ये ठेवायची. ट्रेवर फॉइल पसरून ९० ते १०० अंशांवर अर्धा ते एक तास, आणि समोरून हलायचं नाही कारण त्यात राळ असते, ती पेट घेऊ शकते. किडे मरतात, राळ वितळून वर एक छान चकाकी येते आणि मिटलेली कोन उमलतात. ओव्हन नसेल तर बंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस ठेवा, मग उन्हात वाळवा.

आता एक गंमत सांगते. पाइन कोन हे मेलेलं लाकूड असलं तरी हलतं. त्याच्या प्रत्येक खवल्याला दोन थर असतात, ओलाव्याने एक थर जास्त फुगतो आणि खवला आत वळतो, म्हणून दमट हवेत कोन मिटतं आणि कोरड्या हवेत उघडतं. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी दार उघडलं की माझी सगळी रिंग मूठ आवळून बसलेली असते आणि दहा-अकराला ऊन आलं की बारीक टिक टिक आवाज करत एकेक खवला सुटायला लागतो. बघायला भारी वाटतं, पण म्हणूनच खवल्याला गोंद लावून काहीही चिकटवू नका, ते सुटणारच. तार खवल्यांच्या आतून, तळाजवळून गुंडाळा.

पानगळीची लाल-पिवळी पानं तशीच कशी ठेवायची? चार दिवसांत चुरा होतो.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पान सुकतं म्हणजे त्यातलं पाणी उडतं आणि ते ठिसूळ होतं. पाण्याच्या जागी ग्लिसरीन गेलं तर ग्लिसरीन उडत नाही आणि पान लवचिक राहतं, एवढीच सगळी ट्रिक.

सुटी पानं असतील तर पसरट ताटलीत एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी, त्यात पानं बुडवायची, वर दुसरी ताटली ठेवून दाबायची, तीन ते सहा दिवसांनी बाहेर काढून साबणाच्या पाण्याने हलकेच धुवायची आणि टिपून घ्यायची. हाताला पान चामड्यासारखं मऊ लागलं की झालं. अख्खी फांदी हवी असेल तर देठाचं टोक हातोडीने ठेचून याच मापाच्या गरम मिश्रणात चार बोटं खोल उभी करायची आणि दोन ते सहा आठवडे सोडून द्यायची. पण फांदी झाडावरचं पान अजून जिवंत, पाणी पीत असतानाच कापलेली हवी. पूर्ण लाल झालेली पानं गळायच्या तयारीत असतात, त्यांच्या देठाशी रस्ता बंद झालेला असतो, ती ग्लिसरीन ओढतच नाहीत, त्यांना ताटलीच बरी.

रंग मात्र थोडा बदलतो, हिरवं पान तपकिरी किंवा शेवाळी होतं, ते गृहीत धरा. हुबेहूब रंग हवा असेल तर पुस्तकात दोन-तीन आठवडे दाबून मग वितळलेल्या मेणात एकदा बुडवून काढा. मेण पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवायचं, थेट गॅसवर कधीच नाही, मेणाची वाफ पेट घेते.

फुलं सुकवताना काळी पडतात.

उन्हात सुकवता ना? तिथेच चुकतंय. अंधार आणि हवा पाहिजे. पाच-सहा फुलांची जुडी रबर बँडने बांधून उलटी टांगा, रबर बँडच का तर देठ बारीक झाले की तो आपोआप आवळतो, दोऱ्यातून फुलं सटकतात. दोन-तीन आठवडे लागतात. गुलाबासारखी जाड फुलं डब्यात ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांत पुरून ठेवली तर आठवड्यात सुकतात आणि आकारही राहतो. लाल आणि गुलाबी रंग उन्हात लवकर उडतात, म्हणून तशी फुलं पोर्चच्या सावलीच्या बाजूला.

पावसाळ्यात कागद वापरताच येत नाही. मग काय लावायचं?

मोडकी छत्री. खरंच सांगते, काड्या तुटलेली छत्री फेकू नका. तिचं कापड काड्यांपासून उसवलं की बहुतेक छत्र्यांत आठ त्रिकोणी तुकडे मिळतात, म्हणजे पताका आयत्याच कापून तयार. मोठा तुकडा एक ठेवा नाहीतर त्यातून तीन-चार छोट्या काढा. कडा विसकटू नयेत म्हणून नागमोडी कात्रीने कापा. वरची कड दोरीवर दुमडून दोन टाके घातले की झालं. पावसात भिजतात, फडफडतात, तासाभरात कोरड्या. सुतळी मात्र वापरू नका, दिसायला सुंदर असते पण सतत ओली राहिली की कुजते आणि वास मारते, नायलॉनची दोरी घ्या.

दुसरी वस्तू म्हणजे दूध-ज्यूसचे पुठ्ठ्याचे खोके. आतून चंदेरी असतात. कापून, साबणाने नीट धुऊन, चंदेरी बाजू बाहेर ठेवून चांदण्या, पानं, थेंब काहीही कापा. ढगाळ दिवशीसुद्धा चमकतात. नीट धुतलं नाही तर मुंग्यांची रांग लागते, अनुभव आहे.

मिठाच्या कणकेच्या चांदण्यांबद्दल पण इथेच सांगते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी, अर्धा सेंटीमीटर जाड लाटून, आकार कापून १०० अंशांवर दोन-तीन तास. मुलांसोबत करायला एक नंबर. पण मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे वार्निशचे दोन-तीन हात दिले तरी पावसाळ्यात बाहेर टांगू नका. माझ्या चांदण्यांचा दोन दिवसांत चिखल होऊन पायरीवर पडला होता. आणि घरात कुत्रा असेल तर या चांदण्या त्याच्या तोंडाला येतील अशा ठेवायच्याच नाहीत, एवढं मीठ पोटात गेलं तर ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

कागदाचं मोठं, दुरून उठून दिसणारं काहीतरी सांगा ना, फार कौशल्य नसलेलं.

कागदी पिशव्यांचा तारा. खाऊच्या छोट्या, सपाट, कागदी पिशव्या घ्या, सात ते नऊ, सगळ्या एकाच मापाच्या. पहिली पिशवी टेबलावर, बंद बाजू स्वतःकडे. तिच्यावर गोंदाची एक रेघ बंद कडेला आडवी आणि एक रेघ मधोमध उभी, म्हणजे उलटा टी. त्यावर दुसरी पिशवी तंतोतंत, तिच्यावर परत उलटा टी, असं करत सगळा गठ्ठा. वाळला की उघड्या बाजूची टोकं टोकदार कापा आणि बाजूंना एखाद-दुसरा अर्धगोल किंवा त्रिकोण कापून काढा. मग पहिली आणि शेवटची पिशवी धरून गोल उघडून एकमेकांना चिकटवा. तारा उघडतो तो क्षण फार गोड असतो, तोपर्यंत ते नुसतं कापलेल्या पिशव्यांचं गबाळं दिसतं. गोल पूर्ण होत नसेल तर अजून एक पिशवी घाला, ओढाताण करू नका, फाटतो. छताखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी महिनाभर आरामात राहतो.

स्प्रे वार्निश मारलं की सगळं टिकतं का?

नाही, पण आयुष्य वाढतं. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या, दोन हातांत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मोकळ्या हवेत आणि नाकाला मास्क लावून. मॅट घ्या, चकचकीत वार्निशने सुकलेली फुलं प्लास्टिकची दिसतात. मागची बाजूसुद्धा मारायची बरं का, सगळे पुढूनच मारतात आणि पाणी मागून शिरतं.

दाराला खिळा ठोकायचा नाहीये, भाड्याचं घर आहे.

दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या टोकाजवळ एक चिकटणारा हुक उलटा लावा, म्हणजे त्याची उघडी बाजू खाली. रिबिनीचा फास त्यात अडकवा, रिबीन दाराच्या माथ्यावरून बाहेर आणा आणि तिला रिंग टांगा. बाहेर काहीच दिसत नाही आणि दार नीट बंद होतं. हुक लावायच्या आधी जागा स्पिरिटने पुसा, पाण्याने किंवा तेलकट क्लीनरने नको, आणि चिकटवल्यावर तासभर तरी वजन टांगू नका. दार आपटलं की रिंग दाराला घासते, तर मागे फेल्टचे दोन तुकडे.

वाऱ्याने सगळं गोल गोल फिरतं, गुंता होतो.

एका दोऱ्यावर टांगलेली वस्तू फिरणारच. दोन दोरे लावा, वर थोडं अंतर ठेवून. मोठ्या कापडी फलकाला दोन-तीन अर्धगोल चिरा द्या म्हणजे वारा आरपार जातो. जमिनीवरच्या हलक्या कुंड्यांत तळाला दगड भरा. आणि मासे पकडायची पारदर्शक नायलॉन दोरी सगळे सुचवतात पण पक्ष्यांना ती दिसत नाही, पाय-पंख अडकतात, मी ती सोडून दिली, जाड सुती दोरा घेते.

लाइट कुठले घ्यायचे? मेणबत्त्या जास्त छान दिसतात ना?

छान दिसतात, पण सुकलेलं गवत, कागद आणि ज्योत एका पोर्चमध्ये नको, तेही घराबाहेर पडायच्या रस्त्यावर. बॅटरीच्या मेणबत्त्या बरणीत ठेवा, बरणीला आतून ट्रेसिंग पेपर लावलात तर उजेड मऊ पडतो आणि आतली प्लास्टिकची मेणबत्ती दिसत नाही. फक्त त्यात बटण सेल असेल तर झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्या, लहान मुलाने तो सेल गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका आतून भाजू शकते, अशा वेळी वाट बघत बसायचं नाही, थेट दवाखाना.

लाइटच्या माळेच्या खोक्यावर आयपी आणि दोन आकडे असतात, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून ती किती सुरक्षित आहे त्याचं माप. दुसरा आकडा पाण्याचा. आयपी२० म्हणजे फक्त घरात. आयपी४४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालेल, छताखालच्या पोर्चला पुरे. उघड्यावर असेल तर आयपी६५. हा आकडा कधी कधी फक्त माळेचा असतो, प्लगचा नाही, म्हणून प्लग आतच राहू द्या. आणि वायर सॉकेटकडे वरून सरळ उतरवू नका, सॉकेटच्या खाली एक झोळ देऊन परत वर न्या, वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. एवढी साधी गोष्ट आहे पण कितीतरी घरांत दिसत नाही.

रानातलं काहीही तोडून आणलं तर चालेल?

पडलेलं उचला, तोडू नका, आणि राखीव जंगलातून तर पडलेलंही नको. ओळखत नसाल तर हात लावू नका. कण्हेर अख्खी विषारी असते, लिली मांजरांसाठी इतकी वाईट की नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बिया झडणाऱ्या वेलीसुद्धा टाळा, नाहीतर पुढच्या वर्षी अंगणभर तीच वेल उपटत बसाल.

सीझन संपल्यावर ठेवायचं कसं?

आधी दोन दिवस घरात पूर्ण कोरडं होऊ द्या. मग खोक्यात, खाली-वर कागद, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, खोक्यावर मोठ्या अक्षरात आत काय ते. सुकलेली नैसर्गिक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची नाही, जराशी ओल राहिली तरी बुरशी येते. रिंग उभी टांगून ठेवा, आडवी रचली की एका बाजूने चपटी होते. लाइटची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि सेल काढून ठेवा, नाहीतर आत गळतात. आणि जे विटलंय ते सोडून द्या हो, मी तीन वर्षं एक करड्या रंगाची झालेली माळ सांभाळली, कशासाठी ते मलाच माहीत नाही.

पक्ष्याने रिंगमध्ये घरटं केलंय! काढू का?

अंडी किंवा पिल्लं असतील तर नाही. बऱ्याच ठिकाणी चालू घरटं हलवणं कायद्यानेही मना आहे. छोट्या पक्ष्यांचं सगळं मिळून साधारण महिनाभरात उरकतं, पिल्लं उडून गेली की रिंग काढा, हातमोजे घालून. पुढच्या वेळी विणीच्या दिवसांत दारावर दाट पानांची रिंग लावूच नका, पताका लावा. आमच्याकडे घरटं झालं तेव्हा आम्ही सगळे सव्वा महिना मागच्या दाराने ये-जा करत होतो आणि पुढच्या दारावर चिठ्ठी होती, बेल वाजवू नये, आत बाळं झोपली आहेत.